मेस्त्रीनू, त्या बाटलीसाठी आभार

मेस्त्रीनू,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी इथे लिहितोय. एक तर तुमचा नातू वाचून दाखवेल. आणि दुसरं, समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच कुठलातरी पाना शोधायला लागता.

गोष्ट गेल्या सप्टेंबरची. गणपती पोचवून झाले होते आणि मालवणजवळच्या आमच्या देवबागात पहिले पर्यटक दिसायला लागले होते. मे संपताना मी होडी वर ओढलेली, होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन मांगरात, म्हणजे शेडात, टांगलेलं. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब डॉल्फिन बघायला आलं होतं, लाइफ जॅकेटं घालून तयार. दोरी ओढून ओढून माझा खांदा उतरायची वेळ आली तेव्हा कुठे मशीन धरलं. चोक, म्हणजे हवा अडवून जास्त पेट्रोल ओढायला लावणारा खटका, आत ढकलला की बंद पडायचं, अर्धा बाहेर ठेवला की चालायचं. मी म्हटलं, चालतंय ना, मग झालं. थोडं तापलं की येईल लायनीवर.

तुम्ही हातातला चहा तसाच ठेवून धक्क्यावर आलात. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. नुसत्या आवाजावरून आलात.

"चोक अर्धो वडून चलवतंस? मशीन मारूक काढलंस तू."

पर्यटकांसमोर असं बोललात म्हणून मला राग आला होता, आज कबूल करतो. पंपवाल्याने भेसळीचं पेट्रोल दिलं, त्याला आता जाऊन बघतो, असंही मी बडबडत होतो. तुम्ही टाकीचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलंत. "पंपवाल्याक कित्याक गाळी घालतंस? वास घे." पेट्रोलचा वास नव्हताच तो. आंबूस, जुन्या वॉर्निशसारखा. मे महिन्यात भरून ठेवलेलं अर्धी टाकी पेट्रोल मी तसंच वापरायला काढलं होतं. त्यातला हलका, झटकन पेट घेणारा भाग कधीच उडून गेला होता, आणि उरलेलं हवा लागून चिकट व्हायला लागलं होतं.

कुटुंबाला चुलतभावाच्या होडीत बसवून दिलं आणि तुमच्या शेडात मशीन उघडलं. दोन सिलिंडरना दोन कार्ब्युरेटर. वरचा बरा होता. खालच्याचा तळातला कप तुम्ही सोडवलात, तो दिवस मी विसरणार नाही. मेमध्ये त्यात राहिलेलं पेट्रोल उडून गेलेलं आणि त्यात मिसळलेलं टूटी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनचं वंगण) मागे उरलेलं, हिरवट, फणसाच्या चिकासारखं. कपातल्या पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट त्यात रुतून बसला होता. कपाच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली, पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लं होतं. तुम्ही पितळेचा तो एवढासा जेट, ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं, तो काढून आभाळाकडे धरलात आणि मला म्हणालात, बघ. मला काहीच दिसलं नाही. मग वरच्या कार्ब्युरेटरचा दिलात. त्यातून टाचणीच्या टोकाएवढा उजेड आला.

मी खिशातून सेफ्टी पिन काढली तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. पितळ मऊ असतं, लोखंडाने भोक मोठं झालं तर जेट फेकूनच द्यायचा. रात्रभर क्लीनरमध्ये भिजत घातलात, आणि सकाळी वायरमधली तांब्याची एकच तार काढून, हवा मारून साफ केलात. बारीक वाटतं ऐकायला, पण माझ्यासारख्या किती जणांनी पिना खुपसून जेट वाया घालवले असतील!

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. तोवर मी समजत होतो, जेट चोंदला तर मशीन फार तर दम खाईल, बंद पडेल. तुम्ही म्हणालात, "पेट्रोल कमी म्हणजे ऑईलय कमी. पिस्टन सुको चलता." टू-स्ट्रोकला वेगळं वंगण कुठे असतं? लिटरला 20 मिली ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेच पिस्टनला मिळतं. वरचा सिलिंडर जोरात ओढतोय आणि खालचा उपाशी, कोरडा, तापत चाललाय. चोक ओढून मी फक्त ते लपवत होतो. कर्ली नदीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, सहा माणसं बसलेली असताना तो पिस्टन जाम झाला असता तर? मी पुढे विचार करत नाही.

आणि मग ती बाटली. टाकीच्या तळातलं पेट्रोल बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत काढून तुम्ही चिऱ्यावर ठेवलंत आणि राहिलेला चहा प्यायलात. थोड्या वेळाने बाटलीत रेघ दिसली. वर ऑईलच्या रंगाचं पेट्रोल, खाली गढूळ पांढरट थर. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल त्या पाण्यासोबत पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. ऑईल मात्र वरच राहतं. आणि मशीनची नळी ओढते तळातून! पाणी आलं कुठून, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मी मेपासून उघडाच ठेवला होता, आणि टाकी मांगराच्या गळक्या कोपऱ्यात. आपल्याकडचा पाऊस, अर्धी रिकामी टाकी, दिवसा तापणार, रात्री निवणार. ती श्वास घेत राहिली.

सगळा दोष इथेनॉलवर टाकायला मी तयारच होतो. तुम्ही तेही करू दिलं नाहीत. इथेनॉल नव्हतं तेव्हाही पेट्रोल जुनं व्हायचं, कार्ब्युरेटर तेव्हाही चोंदायचे, आता पाणी जास्त सांभाळायचं एवढंच, असं म्हणालात.

या मेमध्ये तुम्ही सांगितलं तसंच केलं. पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं. मग कपाखालचा स्क्रू सोडला, तरी चमचाभर पेट्रोल निघालंच. टाकी पूर्ण रिकामी केली, सुकवली, स्क्रू आवळला. परवा तिसऱ्या ओढीला मशीन धरलं, चोक आत, आवाज मोकळा. तुमच्या शेडापर्यंत ऐकू आला असेल.

बाबांच्या चेतक स्कूटरबद्दल वेगळं काय लिहू. ते गेल्यावर वर्षभर ओटीखाली उभी होती, सगळे येऊन तिरकी करायचे, किका मारायचे, निघून जायचे. तुम्ही एका संध्याकाळी कार्ब्युरेटर काढलात, आतलं वाळलेलं खरवडलंत, नवी पेट्रोल पाइप घातलीत, आणि चौथ्या किकला धूर झाला तेव्हा आई बाहेर आली. दोन्ही कामांचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

ते उद्या मुलाबरोबर पाठवतोय, परत पाठवू नका. तो स्कूटरच घेऊन येईल. जरा पेट्रोलचा कॉक बघा, बंद केला तरी रात्रीत थेंब पडतोय.

तुमचो,
देवबागचो होडीवालो