चेन धुवा, पण पेट्रोलने नको

महोदय,

मोटारसायकलच्या चेनबद्दल दोन टोकांचे सल्ले सतत कानावर पडतात. पहिला असा की आताच्या ओ-रिंग चेनला काही करावेच लागत नाही, कंपनीने आतच ग्रीस भरून दिलेले असते. दुसरा समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत दिसतो: गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला आणि फिरत्या चेनवर पेट्रोलमध्ये भिजवलेले फडके. पहिल्या सल्ल्याने चेन वेळेआधी जाते. दुसऱ्याने चेन तर जातेच, बोटेही जाऊ शकतात. आपल्या वाचकांत दुचाकीस्वार भरपूर असणार, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

‘आत ग्रीस असते’ म्हणजे नेमके कुठे, हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे होते. चेनच्या बाहेरच्या पट्ट्या पिनांनी जोडलेल्या असतात, आतल्या पट्ट्या बुशांनी, म्हणजे पोकळ नळ्यांनी. पिन बुशच्या आत फिरते आणि बुशवरून रोलर फिरतो. आतली आणि बाहेरची पट्टी यांच्या फटीत, पिनेभोवती, रबराची बारीक गोल रिंग बसवलेली असते, तीच ओ-रिंग. पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस कोंडून ठेवणे आणि पाणी-धूळ बाहेर अडवणे एवढेच तिचे काम. काही चेनमध्ये तिच्या जागी एक्स-रिंग असते; तिला दोनऐवजी चार कडा टेकतात, त्यामुळे ती कमी घर्षणात तेच काम जास्त दिवस करते. मात्र बुश आणि रोलर यांच्यामधली जागा या रिंगच्या बाहेर राहते. रोलर आणि स्प्रॉकेटचे (चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चक्राचे) दाते यांची गाठही बाहेरच पडते. तिथे कंपनीचे ग्रीस पोहोचत नाही, आपण देऊ तेवढेच तेल मिळते. शिवाय रिंग कोरडी पडली की पट्ट्यांवर घासून झिजते, म्हणून तिलाही वरून तेलाचा हात लागतो.

खरोखर तेल न मागणारी चेन निघालेली आहे, नाही असे नाही. बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये काही मोठ्या गाड्यांसाठी एम एन्ड्युरन्स नावाची चेन आणली. तिच्या रोलरवर हिऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या कठीणपणाचा कार्बनचा थर असतो. आपल्या गाडीची चेन या जातीची असेल तर पुस्तिकेत ते ठळक लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर आपली चेन तेल मागणारीच आहे असे धरून चालावे.

आता पेट्रोलचा विषय. पेट्रोल मळ झटक्यात काढते, म्हणूनच ते हाताशी घ्यावेसे वाटते. पण रिंगचे रबर त्यात फुगते आणि सुकल्यावर आकसून कडक होते. ब्रेक क्लीनर आणि थिनर यांचेही तेच. अशी रिंग चिरली की आतले ग्रीस निघून जाते आणि ते पुन्हा भरण्याचा कुठलाही मार्ग नाही. तारेच्या ब्रशने रिंग कापली जाते. प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याने पाणी रिंग ओलांडून आत शिरते आणि तिथेच अडकते. यातल्या कुठल्याही प्रकारानंतर चेन चकाचक दिसते, हीच खरी फसगत. चकाकी बाजूच्या पट्ट्यांना येते आणि काम करणारे भाग पट्ट्यांच्या मध्ये लपलेले असतात.

रॉकेल चालते. ओ-रिंग चेनसाठी म्हणून विकला जाणारा क्लीनरही चालतो. रॉकेल साधारण १०० ते १५० मिली पुरे. चेन त्यात रात्रभर बुडवून ठेवू नये. लावावे, घासावे, पुसावे. ब्रश नायलॉनचा, मऊ. जुना दातांचा ब्रशही कामाचा. एका वेळी आठ-दहा कड्या घ्याव्यात आणि चारही बाजूंनी घासाव्यात: दोन्ही पट्ट्या, दात्यांकडची आतली बाजू आणि रस्त्याकडची बाहेरची. सुरुवात कुठे केली हे विसरायला होते, म्हणून मास्टर लिंकवर (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीवर) किंवा एखाद्या पट्टीवर खडूची खूण करावी. मागच्या ब्रेक डिस्कवर आधी पुठ्ठा किंवा पिशवी लावावी, कारण रॉकेलचे चार शिंतोडे ब्रेक बिघडवायला पुरतात. घासून झाले की कोरड्या फडक्याने पुसावे, फडके काळे येईनासे होईपर्यंत. मग चेन दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यावी. ओल्या रॉकेलवर तेल टाकले तर ते पातळ होऊन पहिल्या दोन किलोमीटरमध्ये उडून जाते.

आणि हे सगळे इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून. लहान गाडीचे इंजिन नुसते आयडलिंगला असले तरी पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला तीसच्या आसपास कड्या दात्यांवरून जातात. फडक्याचा एक धागा दात्यात अडकला की फडके ओढले जाते आणि फडक्याबरोबर हात. क्लच दाबायला दुसरा माणूस उभा असला तरी त्याला तेवढा वेळ मिळत नाही. चाक हाताने फिरवतानाही दिशा पाहावी. चाक पुढच्या दिशेने फिरवले की चेनची खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरते, म्हणजे तिथे धरलेली बोटे दात्यांकडे खेचली जातात. चाक उलटे फिरवले की तीच बाजू स्प्रॉकेटमधून बाहेर येते. म्हणून फडके खालच्या बाजूला मध्यावर धरावे आणि चाक उलटे, सावकाश फिरवावे. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) वापरावा, तोही नसेल तर गाडी हातभर पुढे सरकवत टप्प्याटप्प्याने काम करावे. वेळ लागतो, पण होते.

तेल कुठले, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ८० किंवा ९० ग्रेडचे गिअर ऑइल सांगितलेले असते आणि ते उत्तम चालते. ओ-रिंगसाठीचा चेन स्प्रेही तितकाच चांगला, फक्त तो कमी उडतो. धुळीच्या रस्त्यावर मेणाचा स्प्रे बरा, कारण त्याला धूळ कमी चिकटते. पावसात गिअर ऑइल किंवा चिकट स्प्रे. वापरलेले इंजिन ऑइल मात्र कधीच नको, त्यात धातूचा चुरा आणि आम्ल असते. जाड बेअरिंग ग्रीस उघड्या चेनवर थापणेही चूकच. ते रोलरच्या आत जात नाही, वरच बसते आणि वाळू धरून ठेवते; मग प्रत्येक फेरीला दात्यांवर पॉलिश पेपर फिरावा तसा प्रकार होतो. गंज सोडवायचा म्हणून मिळणारा पातळ स्प्रे पाणी हटवायला चांगला, पण वंगण म्हणून तो टिकत नाही. त्यावर खरे तेल द्यावेच लागते.

तेल किती, यात बहुतेकांचा हात सढळ सुटतो. शंभर-सव्वाशे कड्यांच्या चेनला प्रत्येक रोलरच्या दोन्ही कडांना एकेक थेंब दिला तरी हिशेब दहा-बारा मिलीच्या वर जात नाही. थेंब द्यायची जागा खालच्या बाजूच्या चेनचा आतला, म्हणजे दात्यांकडचा भाग. चेन फिरू लागली की तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते; आतून दिलेले तेल रोलरमधून जाते, बाहेरून दिलेले थेट रिमवर उडते. थोडी गाडी चालवून चेन कोमट झाल्यावर तेल दिले तर ते फटीत चांगले उतरते. तेल देऊन अर्धा तास थांबावे. स्प्रे असेल तर रात्री मारून सकाळी गाडी काढावी, म्हणजे त्यातला पातळ करणारा द्रव उडून जातो. मग कोरड्या फडक्याने वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. हे पुसणे लोकांच्या जिवावर येते, पण पट्ट्यांवर राहिलेले तेल कामाचे नाही. टायरवर थेंब गेला असेल तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवावा. वळणावर गाडी कलली की टायरची तीच बाजू रस्त्याला टेकते.

किती दिवसांनी? साधारण ५०० ते १००० किलोमीटरला एकदा तेल, आणि पावसात भिजल्यावर त्याच दिवशी. धुणे त्या मानाने कमी लागते. चेनवर काळा चिकट थर दिसू लागला किंवा चिखलातून गाडी गेली की धुवावी, नाहीतर दोन-तीनदा तेल दिल्यावर एकदा. नुसती पुसून तेल दिलेली चेन दर आठवड्याला घासलेल्या चेनपेक्षा जास्त टिकते, हे ऐकायला विचित्र वाटते पण खरे आहे. नव्या चेनवरचा कंपनीचा चिकट थरही धुऊन काढू नये, फक्त वरचा पुसावा.

तेलापेक्षाही जास्त चेन मरतात त्या ताणाने. चेन ‘टाइट करून द्या’ म्हणणारा ग्राहक आणि ती तारेसारखी ताणून देणारा कारागीर, दोघेही नुकसानच करतात. माणूस बसला आणि गाडी खड्ड्यात दबली की स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा हलता दांडा, वर सरकतो. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा दोन स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त असते. त्या क्षणासाठी चेनमध्ये ढील लागते. ती नसली की सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. चेन बदलता येते, गिअरबॉक्सचे बेअरिंग बदलायला इंजिन उघडावे लागते.

ढील खालच्या बाजूच्या मध्यावर मोजतात: चेन बोटाने खाली-वर करून, पट्टी लावून. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिलिमीटर लागते, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना याहून जास्त. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. ढील साइड स्टँडवर मोजायची की मेन स्टँडवर, हेही तिथेच लिहिलेले असते आणि ते पाळावे, कारण दोन्हीकडे माप वेगळे येते. एकाच जागी मोजून थांबू नये. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडे थोडे फिरवून जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथले माप धरायचे.

ॲडजस्ट करताना आधी ॲक्सल नट सैल करावा, मग दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखेच, पाव-पाव फेरा फिरवावेत. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते आणि चेन दात्यांची एकच बाजू खाते. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून ढील परत मोजावी, कारण नट आवळताना ती बदलते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेक पेडलचे प्ले, म्हणजे मोकळी चालही, बदललेले असते. ते आणि ब्रेक लाइट तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. ही पायरी गॅरेजमध्येही हटकून राहते.

चेन संपली हे कसे ओळखावे? मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन धरून मागे ओढावी. अर्धा दाता उघडा दिसला तर चेन गेली. मोजून पाहायचे तर चेन ताणून २१ पिनांमधले, म्हणजे २० कड्यांचे अंतर घ्यावे. ४२८ मापाच्या नव्या चेनला ते २५४ मिलिमीटर भरते, ५२० ला ३१७.५. पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर ती अंतिम. नसेल तर एक टक्का वाढ, म्हणजे साधारण २५६.५ किंवा ३२०.७, दिसली की नव्या चेनची तयारी करावी. आणखी एक खूण मोजमापाशिवाय दिसते. एखाद्या पिनेच्या तोंडाशी, दोन पट्ट्यांच्या फटीत, तांबूस-तपकिरी भुकटी दिसते, पुसली तरी दोन दिवसांत परत येते. तिथली रिंग गेली, आतले ग्रीस संपले आणि पिन बुशला कोरडी घासते आहे असा तिचा अर्थ. ती कडी बहुधा जामही झालेली असते. स्प्रॉकेटवरून सुटताना सरळ न होता वाकडीच राहते. वरून कितीही तेल ओतले तरी ती चेन आता परत येत नाही.

हे सगळे उघड्या ओ-रिंग चेनबद्दल झाले. पूर्ण चेनकव्हर असलेल्या बऱ्याच लहान गाड्यांना बिनरिंगची साधी चेन असते. तिच्या पिनेपर्यंत तेल आपल्यालाच पोहोचवावे लागते, म्हणून तिला तेल जास्त वेळा लागते. कव्हरला रबराचे बूच असते. ते काढून ढील पाहता येते आणि तेलही देता येते. कव्हर आहे म्हणून चेन विसरली जाते आणि खडखडाट सुरू झाल्यावरच आठवते.

पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण वर्षातून एक-दोनदा उघडावे. दोन-तीन बोल्टच असतात. आत तेल-मातीचा घट्ट लगदा साचलेला असतो, तो लाकडी काडीने खरवडावा. लहान असल्यामुळे हे स्प्रॉकेट सर्वांत आधी झिजते: पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील तर पुढचा प्रत्येक दाता मागच्यापेक्षा तिप्पट वेळा कामाला येतो. नवी चेन जुन्या आकड्यासारख्या वळलेल्या दात्यांवर चढवली तर तीही लवकर ताणते, म्हणून तिन्ही भाग एकदमच बदलून मागावेत. चेनच्या मास्टर लिंकला क्लिपचे लॉक असेल तर क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी स्वतः वाकून पाहावे. उलटी बसवलेली क्लिप कुठेतरी घासून उघडते, आणि सुटलेली चेन चाक जाम करते किंवा इंजिनचे केसिंग फोडते.

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक