दाजी, तुम्ही आईला विचारलंत

आदरणीय दाजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे गेलात त्याला अजून चादरी वाळण्याएवढाही वेळ झालेला नाही, आणि मी लिहायला बसले आहे. उघडं पत्र लिहितेय त्याला कारण आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि कुठलीतरी बिजागरी बघायच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत सटकता. मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे होता. आता चार लोकांसमोर लिहिते, म्हणजे ऐकून घ्यावंच लागेल.

ताईने येण्याआधी यादी पाठवली तेव्हा, खरं सांगू का, माझ्या पोटात गोळाच आला होता. एका बाजूला बघायची ठिकाणं, दुसऱ्या बाजूला घरातली कामं, आणि दोन्ही बाजू पानभर. संग्रहालय, तारांगण, बाग, नदीकाठ. शिवाय अडगळीचं कपाट, घासणारं दार, जुने फोटो, बाथरूम. आठवडा एक, बाथरूम एक आणि माणसं घरभर. सकाळी पहिला नंबर कोणाचा, रात्री गादी कोणाला, पोरांचे चार्जर कुठे लावायचे, आणि या सगळ्या गडबडीत आईच्या औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या? पाहुणे कितीही हवेहवेसे असोत, ते यायच्या आदल्या रात्री यजमानाला झोप लागत नाही.

त्यात आमचा आधीचा अनुभव. मागच्या खेपेला जे नातेवाईक येऊन गेले त्यांचं नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच, आणि ताई ओळखून हसेल. आठवडाभर त्यांनी घराचं लॉज करून टाकलं. ओले टॉवेल खुर्च्यांवर, दिवे रात्रभर चालू, सकाळी उठून "आज काय प्रोग्रॅम?" आणि रात्री "उद्या जरा लवकर आवरा हं", हे मलाच. तेही चाललं असतं. पण निघताना, आई समोर बसलेली असताना, मला म्हणाले, "हिचं आता काहीतरी बघायला हवं." हिचं. काहीतरी. ज्या बाईने यांना परीक्षेच्या काळात महिनोन्‌महिने घरात ठेवून घेतलं, तिच्याबद्दल हे बोलणं. आई काही बोलली नाही. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

बाथरूमची गोष्ट तर तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. आई तिथे घसरली तेव्हा नशिबाने मुका मारच बसला, हाड वाचलं. त्यानंतर फोन सुरू झाले. जगात दरवर्षी पडून सुमारे 6,84,000 माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सगळ्यात जास्त. हा आकडा मला ऐकवणारे पुष्कळ भेटले. "दांडी बसवायला मी येतो" म्हणणारं कोणी भेटलं नाही. एकाने रबरी पेल्यांनी भिंतीला चिकटणारी दांडी भेट म्हणून पाठवली. टाइलच्या सांध्यावर रबर आलं की आत हवा शिरते आणि पकड सुटते. आमची दांडी भर दुपारी, कोणाचा हातही लागलेला नसताना, धाडकन खाली आली. मग एक कारागीर बोलावला. त्याने सगळा वेळ कानाला फोन लावून भोकं पाडली, दांडी ठोकली, "आता याला बैल बांधा" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. स्क्रू सगळे टाइलमागच्या गिलाव्यातच अडकलेले, विटेपर्यंत पोचलेच नव्हते. प्लग आखूड, भोकातला भुगा तसाच. दांडी लवकरच हलायला लागली. त्याला फोन केला की तो "येतो" म्हणतो. अजून येतोच आहे.

आईने त्या दांडीला हात लावणंच सोडून दिलं होतं. भिंतीला पंजा टेकत जायची, आणि कोणी बघतंय असं वाटलं तर तेवढाही आधार घ्यायची नाही.

तर तुम्ही आलात. पहिल्याच दिवशी संग्रहालय पालथं घालून सगळे दमून घरी पोचलो. तुम्ही हातपाय धुवायला गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. आलात ते थेट आईच्या खुर्चीसमोर येऊन उकिडवे बसलात. मला काही विचारलं नाहीत, ताईला नाही. म्हणालात, "मावशी, त्या दिवशी पडताना हात कशाला धरायला गेला होता?"

हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. दवाखान्यात जे विचारलं ते मला विचारलं. कारागिराने कोणालाच काही विचारलं नाही. आई आधी माझ्याकडे बघायला लागली, कारण तिच्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं मी द्यायची, अशी तिला सवयच लागली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. नुसते बसून राहिलात. मग ती म्हणाली, "नळाला."

आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेच ना. नळ गार लागतो म्हणून हात पटकन सुटतो, सकाळी डावा गुडघा उघडतच नाही, आधीची दांडी फार वर आहे, तिला धरलं की खांदा ओढतो. मी याच घरात राहते, दाजी. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि मी तिला रोज "काही होतंय का?" म्हणून विचारते. "काही होतंय का" याला "नाही" एवढंच उत्तर येतं. "हात कशाला धरायला गेला होता" याला खरं उत्तर आलं.

फरशी कोरडी करून तुम्ही तिला आत नेलंत, स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "रोज उठता तशाच उठा. विचार करू नका. हात जिथे जाईल तिथे राहू द्या." तिचा हात भिंतीवर टेकला. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून तिच्या तळव्याच्या कडेला बारीक रेघ ओढलीत. पुन्हा बसवलंत, पुन्हा उठवलंत. या वेळी रेघ आधीच्या रेघेपेक्षा बोटभर खाली आली. "दमल्यावर हात खाली जातो," तुम्ही म्हणालात, "म्हणून ही खरी." दारात उभा राहून भाचा मोबाइलमधून वाचत होता, "बाबा, इथे 33 ते 36 इंच दिलंय." टेप लावून बघितली तर आईची खूण 31 वर. तुम्ही टेप गुंडाळत म्हणालात, "ते सार्वजनिक जागेसाठी आहे रे. तिथे कोण येणार ते माहीत नसतं. इथे माहीत आहे."

हे सगळं पत्र त्या पेन्सिलीच्या रेघेसाठी आहे.

पुढचं काम तुम्ही नीट केलंत, पण ते कसब झालं, आणि कसबी माणसं शोधली तर सापडतात. टाइलवर चिकटपट्टी लावलीत म्हणजे ड्रिल घसरणार नाही, टाइल पार होईपर्यंत ठोका बंद ठेवलात, विटेत शिरल्यावरच चालू केलात, भोकातला भुगा फुंकून काढलात. दांडी आणि भिंत यांच्यामध्ये दीड इंचच जागा सोडलीत. मूठ मावली पाहिजे, पण घसरताना हात आत अडकता कामा नये. लेव्हल आईच्या हातात होती. बुडबुडा मध्ये आला की नाही हे ती बाहेरून ओरडून सांगत होती आणि तुम्ही "हो मावशी" म्हणत दांडी केसभर हलवत होता. शेवटी तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलंत. मग पोरांनी रांग लावली. त्या दांडीची इतकी परीक्षा झाली आहे की आता तिला खरोखर बैल बांधता येईल.

जाता जाता तुम्ही एक वाक्य बोललात ते मी सगळ्यांना सांगत सुटले आहे: हलणारी दांडी नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण नसलेल्या दांडीवर कोणी भार टाकत नाही. दांडीवरून मला काही माणसंही आठवली. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तयार होऊन बसली. "मीही येते." ताईच्या यादीत आईचं नाव बाहेर जायच्या बाजूला नव्हतंच, "मावशी घरी आराम करेल" असंच सगळ्यांनी धरलं होतं. तुम्ही यादी हातात घेतलीत, अर्ध्या ठिकाणांवर काट मारलीत आणि म्हणालात, रोज एकच ठिकाण, दुपारनंतर घर. पोरं कुरकुरली. पण त्यामुळेच आठवडा निभला, हे ताईने पुढे कबूल केलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, हे तुम्ही तिला दारातच शिकवलंत. ती इतके दिवस काठी दुखऱ्या बाजूलाच धरत होती. सगळेच तशी धरतात.

तारांगणात तुम्ही खेळ सुरू व्हायच्या बऱ्याच आधी तिला आत नेऊन बसवलंत. वय झालं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. दिवे गेल्यावर पायऱ्या शोधणं म्हणजे नसती आफत. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "एवढाले गोळे अधांतरी फिरतायत, आणि आम्हाला मेलं चार पावलं टाकायला दांडी लागते." तिचा हा खवचटपणा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

फोटोंचं काम ताईने आणि भाचीने उरकलं, तेव्हा त्यांचेही आभार इथेच मानते. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने अलगद सोडवता येतात, हे मला माहीत नव्हतं. भाची एकेक फोटो आईसमोर धरायची आणि नाव विचारून मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला लिहायची. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो म्हणून पेन्सिल. एका फोटोतली बाई कोण यावरून आई आणि ताईची जुंपली ती अजून मिटलेली नाही. त्या फोटोमागे सध्या प्रश्नचिन्ह आहे.

आणखी एका माणसाचं नाव मला माहीत नाही, पण ते याच पत्रात यायला हवं. आम्ही आईला घेऊन संग्रहालयात पुन्हा गेलो, तेव्हा तिथला एक कर्मचारी व्हीलचेअर घेऊन आला. खुर्चीच्या मुठींना हात लावण्याआधी तो वाकून आईला म्हणाला, "आजी, मी ढकलू का, की तुमचं माणूस ढकलेल?" उतारावर त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्वतः मागे मागे चालत हळूहळू उतरवली, म्हणजे ती पुढे कलंडायला नको. त्याला हे कोणी शिकवलं असेल, किंवा त्याच्याही घरी कोणी म्हातारं असेल. तुम्ही आणि तो, तुमचं आपसात दोन शब्दही बोलणं झालं नाही, पण मला तुम्ही एकाच घरातले वाटलात.

मदतीला धावणाऱ्यांचा तोटा नसतो, दाजी. मी नाकारत नाही. पण अशीही मदत असते की ती घेतली की घरातलं म्हातारं माणूस आणखीच कोपऱ्यात जाऊन बसतं. त्याच्या डोक्यावरून बोलणं चालू राहतं, त्याच्यासाठी वस्तू येतात, त्याच्या वतीने निर्णय होतात, आणि सगळ्यांना आपण फार केलं असं वाटतं. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना घाई असते. तुम्हाला तर आठवडाभराची यादी संपवायची होती, घाई असलीच तर तुम्हालाच होती, आणि तरी तुम्ही जमिनीवर बसून एका उत्तराची वाट बघितलीत. म्हणून मला ज्या त्या वेळी "वेळच नसतो हो" म्हणणाऱ्यांचा आता जास्तच राग यायला लागला आहे. याला जबाबदार तुम्ही.

इकडची खबर अशी. दार अजून घासतंय, नदीकाठ राहिलाच, अडगळीच्या कपाटाकडे मी बघत नाही. आई रोज सकाळी एकटी आंघोळीला जाते आणि आतून कडी न लावता दार नुसतं लोटून घेते. हा आमचा तह आहे. दांडीवर कोणी टॉवेल वाळत घातला की ती घर डोक्यावर घेते. आणि बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी, दाराच्या चौकटीवर, तिने स्वतःच पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आहे. विचारलं तर म्हणाली, "जावईबापू येतील तेव्हा बघतील." तेव्हा येताना ड्रिल घेऊनच या. तारीख ताई ठरवणार हे मला माहीत आहे, पण या वेळी यादी तुम्ही करा.

तुमची मेहुणी