फोटोतली ती एके-४७ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१६ डिसेंबरच्या अंकातला विजय दिवसाचा लेख वाचला. १९७१ च्या युद्धात सवाई भवानीसिंह आणि त्यांच्या दहाव्या पॅरा कमांडो बटालियननं पाकिस्तानातल्या छाछरो गावावर केलेली चढाई सोलापूरच्या अंकात वाचायला मिळाली, बरं वाटलं. पण फोटोखालची ओळ बघितली आणि तिथंच अडकलो. ‘एके-४७ घेऊन सज्ज कमांडो.’ काल दिवसभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज लिहायला बसलो.

फोटो पुन्हा काढून बघा. जीपला टेकून उभ्या असलेल्या जवानाच्या शस्त्राची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, डाव्या बाजूला आडवी बाहेर आली आहे. एके-४७ची मॅगझिन खाली असते, ट्रिगरच्या पुढे. नळीवरच्या आवरणाला भोकं आहेत, ती तुमच्या छपाईतही दिसतात. ही ९ एमएम कार्बाईन, म्हणजे आखूड स्वयंचलित बंदूक, ब्रिटिश स्टर्लिंगच्या नमुन्यावर कानपूरला बनलेली. लोक तिला सरसकट स्टेनगन म्हणतात, तेही चूक. स्टेनची मॅगझिन सरळ, हिची बाकदार, ३४ गोळ्यांची. कुणी म्हणेल, पाकिस्तान्यांकडे चिनी टाइप ५६ रायफली होत्या, त्यातलीच हाती लागलेली असेल. ती एकेचीच चिनी आवृत्ती, पण तिचीही मॅगझिन खालीच.

मी १९७६ साली भरती झालो. पहिल्यांदा कार्बाईन हातात आली तेव्हा सिनेमातल्यासारखी डाव्या हातानं मॅगझिन धरून उभा राहिलो. उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, वेताची छडी मनगटावर मारली. मॅगझिनला ताण बसला की गोळी अडकते; हात पुढे नळीच्या आवरणावर ठेवायचा. तो वळ आठवडाभर होता. पुढं कितीतरी वर्षं कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, काढली. फुल्थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून नळी साफ करायची, मग त्या भोकांमधली धूळ एकेक करून काढायची. बोटांचा तेलाचा वास जेवतानाही जायचा नाही. कार्बाईनच्या ब्रीच ब्लॉकवर, म्हणजे आत पुढे-मागे सरकणाऱ्या लोखंडी ठोकळ्यावर, तिरक्या खाचा असतात, आत शिरलेली वाळू त्या बाहेर ढकलतात. रेताड मुलखात लढायला जाणाऱ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे लेखात एका ओळीत सांगता आलं असतं.

शेजारच्या जवानाकडे एसएलआर ही त्या काळची रायफल आहे, तिला तुमच्या लेखकानं ‘इन्सास’ केलंय. इन्सास सैन्यात आली नव्वदच्या दशकात. १९७१ च्या जवानाच्या खांद्यावर ती कशी असेल? एसएलआरची गोळी ७.६२ मिलिमीटरची, एकेचीही ७.६२ची, म्हणून गोंधळ होतो हे मी समजू शकतो. पण एसएलआरच्या काडतुसाची केस ५१ मिलिमीटर लांब, एकेची ३९. एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही. आणि अधिकाऱ्याच्या हातातलं ‘रिव्हॉल्व्हर’ हे ब्राउनिंगचं पिस्तूल आहे. फिरतं चाक नाही, गोळ्या मुठीत, १३.

एवढं कोण बघतं, असं म्हणू नका. पानिपतची चादर कुणी सोलापुरी म्हणून गळ्यात मारायला लागला तर आपल्याकडचं पोरगंसुद्धा काठ चिमटीत धरून सांगतं. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी एकाचं नाव चुकलं असतं, तर सकाळी तुमच्या दारात माणसं उभी असती. जवान ज्या शस्त्राच्या भरवशावर शत्रूच्या मुलखात शिरला, त्याचं नावही तेवढ्याच काळजीनं छापायला हवं. ती माणसं त्याला उशाशी घेऊन झोपत होती.

आणखी एक. त्याच अंकात पाचव्या पानावर माजी सैनिकांच्या मेळाव्याची बातमी अर्ध्या कॉलमात, जाहिरातीच्या खाली कोंबली आहे. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं सगळी आहेत. सत्कार ज्यांचा झाला त्या वीरपत्नींपैकी एकीचंही नाव नाही. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी बार्शीहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाकरवी अंक मागवला आणि मला फोन करून विचारलं, “भाऊ, आमचं नाव कुठल्या पानावर आहे?”

फोटोची दुरुस्ती फोटोच्याच जागी, फोटोच्याच आकारात छापा. आणि त्याच पानावर त्या सगळ्या जणींची नावं द्या. यादी माझ्याकडे आहे, उद्या कचेरीत आणून देतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार, सोलापूर