बेंचवर बसलेल्या क्वार्टरबॅकवरही लिहा की

संपादक महोदय,

अमेरिकन फुटबॉल तुमच्या क्रीडा पानावर येतो तो सुपर बोल (एनएफएल या प्रोफेशनल लीगची फायनल) झाला की, एक फोटो आणि चार ओळी, आणि त्या चार ओळी हमखास जिंकलेल्या टीमच्या स्टार क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकून अटॅक चालवणाऱ्या खेळाडूवर. ठीक आहे, सगळा खेळ त्याच्या हातातूनच फिरतो, मान्य. पण या खेळात कोच कसा घडतो हे कळून घ्यायचं असेल तर स्टारच्या मागे बेंचवर बसलेल्या बॅकअपकडे, म्हणजे राखीव क्वार्टरबॅककडे, बघायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी आधी क्वार्टरबॅक आणि मग कोच झालेल्या फ्रँक राइकइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

मेरीलँड युनिव्हर्सिटीत राइक आधी बूमर एसायसनचा बॅकअप होता. एसायसन गेला, 1984 ला याला जागा मिळाली, तर खांदा दुखावला, आणि बरा होऊन येतो तोवर जागा स्टॅन गेलबॉकडे गेलेली. मग 10 नोव्हेंबरची ती मॅच, मायामीच्या ऑरेंज बोल स्टेडियममध्ये, समोर आदल्या सीझनची नॅशनल चॅम्पियन मायामी, हाफटाइमला स्कोअर 31-0. कोच बॉबी रॉस यांनी राइकला उतरवलं आणि पुढच्या दोन क्वार्टरमध्ये मेरीलँडने सहा टचडाऊन (बॉल समोरच्या टीमच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेणं) केले! 34-28 असताना राइकने ग्रेग हिलकडे लांब पास टाकला, मायामीच्या डिफेंडरच्या हाताला लागून बॉल उडाला तो नेमका हिलच्या हातात, आणि तो पळत सुटला तो थेट एंड झोनमध्ये, 68 यार्डांचा टचडाऊन. शेवटी 42-40. कॉलेज फुटबॉलमधलं तोवरचं सगळ्यात मोठं कमबॅक, 2006 पर्यंत टिकलं.

आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच मैदानावर, त्याच मायामीविरुद्ध बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने शेवटच्या क्षणी टाकलेला पास. तोही भारीच होता, फ्लूटीला त्या वर्षी हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची) मिळाली ती योग्यच, पण मला राइकची मॅच जास्त मोठी वाटते कारण 31 पॉइंट एका पासमध्ये येत नाहीत, एकेक ड्राइव्ह (बॉल पुढे नेण्याची सलग चढाई) डोकं शांत ठेवून पुढे न्यावा लागतो.

पुढे एनएफएलच्या बफेलो बिल्समध्ये पुन्हा तेच, जिम केलीचा बॅकअप. 3 जानेवारी 1993 ला जिम केली जखमी होता म्हणून राइक ह्यूस्टनविरुद्ध प्लेऑफला (नॉकआउट मॅचला) उतरला, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच त्याचा पास समोरच्यांनी मध्येच पकडून टचडाऊन केला, ह्यूस्टन 35, बफेलो 3. बफेलोने ओव्हरटाइममध्ये 41-38 ने जिंकली, राइकचे चार टचडाऊन पास. 32 पॉइंटची पिछाडी भरून काढण्याचा हा एनएफएलचा रेकॉर्ड 2022 पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

आता हे नशीब म्हणून सोडून द्यायचं का? मला नाही वाटत. प्रॅक्टिसमध्ये बहुतेक स्नॅप (प्रत्यक्ष खेळायची संधी) स्टार्टरला, म्हणजे सुरुवातीपासून खेळणाऱ्याला, मिळतात, बॅकअपच्या वाट्याला येते मॅचची फिल्म आणि प्लेबुक (ठरवलेल्या चालींची वही). मॅचच्या दिवशी तो साइडलाइनला उभा राहून डिफेन्स काय करतंय ते वाचतो, स्टार्टर परत आला की त्याला सांगतो, आणि वर पुढच्याच प्लेला आत जावं लागेल म्हणून तयारही असतो. म्हणजे खेळाडू असतानाच कोचचं निम्मं काम तो करत असतो, फक्त पद नसतं.

सुपर बोल 52 आठवा, 4 फेब्रुवारी 2018. फिलाडेल्फिया ईगल्सचा स्टार क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जखमी, खेळतोय बॅकअप निक फोल्स. हेड कोच डग पीडरसन, जे स्वतः स्टार क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हचे बॅकअप होते. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (अटॅकची आखणी करणारा कोच) फ्रँक राइक. हाफटाइम जवळ आलेला, चौथा डाऊन (शेवटचा प्रयत्न), गोललाइन एका यार्डावर, कुणीही फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन पॉइंट) घेतला असता, यांनी काय केलं तर क्वार्टरबॅक फोल्सलाच पास पकडायला पाठवलं, टचडाऊन! ईगल्स 41-33 ने जिंकले, एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) फोल्स. अशी हिंमत अशाच लोकांना होते ज्यांना माहीत असतं की बॅकअपलाही सगळं येतं, त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

लगेच राइक इंडियानापोलिस कोल्ट्सचे हेड कोच झाले, तेही आधी ठरलेल्या जॉश मॅकडॅनियल्सने आयत्या वेळी नकार दिला म्हणून. पहिल्या सीझनला 1-5 (एक विजय, पाच पराभव) वरून 10-6 आणि प्लेऑफ. पुढे टीमचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक अचानक रिटायर झाला, दरवर्षी नवा क्वार्टरबॅक, नोव्हेंबर 2022 मध्ये राइकना काढलं. आणि पुढच्याच महिन्यात राइकचा तो 32 पॉइंटचा रेकॉर्ड मोडला तो त्याच कोल्ट्सविरुद्ध, 33-0 ने पुढे असून ते मिनेसोटाकडून हरले! 2023 ला कॅरोलिना पँथर्सने तर अकरा मॅचमध्येच घरी पाठवलं. हे आकडे वाईट आहेत, लपवण्यात अर्थ नाही, पण तेवढ्यावरून त्यांना फेल कोच म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कारण 2025 ला स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीला एका सीझनपुरता कोच हवा होता तेव्हा तिथला जनरल मॅनेजर असलेल्या लकने राइकनाच बोलावलं. ज्याने त्यांच्या हाताखाली खेळून बघितलंय त्याचं मत मी विन-लॉसच्या कॉलमपेक्षा वर धरेन.

तेव्हा विनंती एवढीच, कॉलेज फुटबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, दर शनिवारी मॅचेस असतात, आठवड्याला अर्धा कॉलम तरी द्या, आणि पहिल्या लेखात 1984 च्या त्या मॅचचा स्कोअरकार्ड क्वार्टरप्रमाणे छापा.

आपला,
एक नियमित वाचक