शाळेतच युनिव्हर्सिटीचं फिजिक्स? आधी आमचा लंबक बघा

मा. संपादक,

शाळेत असतानाच विद्यापीठाचा फिजिक्सचा कोर्स करणाऱ्या मुलांचं कौतुक करणारा तुमचा कालचा लेख वाचला. छान आहे, फोटो तर फारच छान. लिहिणाऱ्यांच्या घरात असं पोर नसावं अशी दाट शंका आली म्हणून हे पत्र. कालच लिहिणार होतो, बायको म्हणाली राग उतरल्यावर लिहा. उतरला नाही.

आमचा मुलगा शाळेच्या फिजिक्सला कंटाळला होता म्हणून 16व्या वर्षी घातला फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सला. पहिल्याच लेक्चरला सरांनी वेगाचं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) म्हणजे त्वरण असं लिहून गाडी सुरू केली ती थेट इंटिग्रेशनपर्यंत नेली, आणि शाळेत डेरिव्हेटिव्ह सुरू व्हायला अजून चार महिने होते! म्हणजे पोराचं फिजिक्स अडलंच नाही हो, अडलं ते गणित. मग रोज रात्री मी त्याला इंटिग्रेशन शिकवायचो, म्हणजे आम्ही दोघं मिळून चुकायचो. ह्या गणिताला कॅल्क्युलस म्हणतात, आणि तुमच्या अख्ख्या लेखात तो शब्द एकदाही नाही.

लॅबमध्ये 1 मीटरचा लंबक. शाळेत सूत्र पाठ केलेलं, 'कोन लहान असावा' ही ओळ कोण वाचतंय, ह्याने झोका मस्त दिसावा म्हणून 60 अंशांवरून सोडला. 10 झोक्यांना 20 सेकंद लागायला हवेत तिथे लागले 21.4, आणि जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 9.8 च्या ऐवजी आला 8.6. जर्नलमध्ये कारण काय लिहिलं, तर 'मानवी चूक'. खाली लाल शाईत शेरा: 'कोणत्या मानवाची?' तेव्हा रडला, पण खरं सांगतो, त्या शेऱ्याने तो जे शिकला ते शाळेने दहा वर्षांत शिकवलं नसतं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पण पुढचं ऐका. दोन वर्षांनी रीतसर अॅडमिशन घेतली तेव्हा ऑफिसात सांगितलं की तो कोर्स इथे धरला जाणार नाही, परत करा. परत तेच मेकॅनिक्स, परत तोच लंबक! क्रेडिट कुठे चालेल ते आधी लेखी घ्या, एवढं एक वाक्य लेखात टाकलं असतं तर कागद संपला असता का?

वर आईनस्टाईनचा फोटो. 1895 मध्ये 16व्या वर्षी त्याने झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली, गणित-फिजिक्समध्ये चमकला, बाकी विषयांत आपटला आणि आराऊच्या शाळेत जाऊन बसला, प्रवेश मिळाला 1896 मध्ये. हे मात्र सोयीस्कर गाळलंत.

आणि हो, त्याच फोटोखाली तुम्ही 'ई = एमसी2' छापलंय. तो दोन वर चढवायचा असतो, वर्ग असतो तो. मागच्या महिन्यातही हेच झालं होतं, तेव्हाही पत्र पाठवलं होतं, छापलं नाहीत.

आपला,
एक बाप (नाव छापू नये, मुलगा चिडतो)