शोकांतिका पुरे, अभिनयावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मराठी अभिनेत्रींवरचा लेख वाचला. छायाचित्रं देखणी आहेत, भाषाही ओघवती आहे. पण पानभर मजकुरात शांता हुबळीकरांचे वृद्धाश्रमातले दिवस आहेत, हंसा वाडकरांचं व्यसन आहे, कोणाचा संसार कसा मोडला तेही आहे. या बायका पडद्यावर नेमकं काय करत होत्या, यावर मात्र जेमतेम दोन ओळी, त्याही ‘अभिनयाचा अमिट ठसा’ छापाच्या. जुन्या नटीवर लिहायचं तर शेवटी पदर डोळ्यांना लावायचाच, असा काही दंडक आहे का? बाबूराव पेंढारकरांवर किंवा केशवराव दात्यांवर लिहिताना कोणी त्यांच्या घरगुती हालअपेष्टांपासून सुरुवात करत नाही. थेट भूमिकेपासून करतात, आणि ते योग्यच आहे.

‘माणूस’ (1939) घ्या. हुबळीकरबाई त्यात मैना नावाच्या वेश्येच्या भूमिकेत आहेत. हुबळीकरबाईंचं ‘कशाला उद्याची बात’ सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या आत्मचरित्रालाही तेच नाव. पण त्या गाण्यात बाई काय करतात ते एकदा नीट पाहा. गाण्यात भाषा बदलत जाते आणि प्रत्येक भाषेबरोबर ठसका बदलतो, मुरका बदलतो. गिऱ्हाईक बदललं की मैनाही बदलते. हा नाचगाण्याचा तुकडा नाही, एका बाईच्या धंद्याची अख्खी रीत एका गाण्यात दाखवलेली आहे. आणि याच चित्रपटात मैनेवर जीव जडलेल्या गणपत हवालदाराची भाबडी, देवभोळी आई कोणी केली आहे? ग्रामोफोनच्या जमान्यातल्या नामांकित गायिका सुंदराबाई यांनी. मैनेला घरची सून समजून आई माया करते आणि मैनेला ती मायाच सोसत नाही. मैनेचं हे कासावीस होणं आपल्याला भिडतं, ते समोरची म्हातारी शंभर टक्के खरी वाटते म्हणून. सुंदराबाईंच्या तबकड्या जपून ठेवणारे शौकीन मला माहीत आहेत, या आईबद्दल लिहिलेलं मात्र फारसं वाचनात आलेलं नाही.

माझा खरा आग्रह आहे तो ‘कुंकू’साठी (1937). शांता आपट्यांच्या नीरेवर भरपूर लिहून झालंय आणि ते व्हायलाच हवं होतं. बापाच्या वयाच्या नवऱ्याला साफ नकार देणारी, सावत्र मुलाला छडीने फोडून काढणारी नायिका आजच्या मालिकांनाही झेपणार नाही. पण त्या घरात आणखी एक बाई आहे: नीरेच्या नवऱ्याची, काकासाहेबांची (केशवराव दाते), समाजकार्य करणारी मुलगी चित्रा, नीरेहून वयाने मोठी. नव्या सावत्र आईची बाजू घेऊन बापासमोर उभी राहते ती हीच. ही भूमिका केली आहे शकुंतला परांजपे यांनी. गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला शिकलेली, पुढे संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलेली, राज्यसभेवर नियुक्त झालेली, 1991 साली पद्मभूषण मिळालेली. दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या मातोश्री म्हटलं की ओळख पटकन पटते, पण तिथेच थांबतेही.

शकुंतलाबाई काही पेशाने नटी नव्हत्या, आणि तेच या भूमिकेत कामी आलं आहे. तो काळ संगीत रंगभूमीच्या संस्कारातला. पल्लेदार वाक्य, शेवटचा शब्द लांबवायचा, हात छातीशी न्यायचा. चित्रा यातलं काहीच करत नाही. सभेत आणि समितीत बोलायची सवय असलेली बाई घरी जशी बोलेल, तशी ती बोलते. थोडी रोखठोक, कुठे कुठे चक्क कोरडी. काहींना तो कच्चा अभिनय वाटतो. मला वाटत नाही. शेजारी केशवराव दात्यांसारखा मुरलेला नट, समोर गाण्याचं आणि संतापाचं सगळं बळ घेऊन आलेल्या शांताबाई, आणि मध्ये ही साध्या आवाजातली बाई. नीरेचं बंड एकट्या पोरीचा हट्ट वाटत नाही, त्यात चित्राच्या त्या साधेपणाचा वाटा फार मोठा आहे. हे सांगणारं एक वाक्य तुमच्या लेखात असतं तरी मी पत्र लिहायला बसले नसते.

दुसरं उदाहरण सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं (1971). या चित्रपटाचं नाव निघतं ते अमोल पालेकर आणि अमरीश पुरी यांच्या सुरुवातीच्या कामासाठी, नाहीतर गोविंद निहलानी यांच्या छायालेखनासाठी. अहो, पण त्यातली नायिका बेणारे सुलभा देशपांडे आहेत! तेंडुलकरांच्या नाटकातलं शेवटचं स्वगत सुलभाताईंनी गाजवलं, असं आमच्या आधीची पिढी सांगायची. नाटक हवेत विरून जातं, चित्रपट मागे उरतो. तालमीचा खेळ म्हणून सुरू झालेला खटला हळूहळू खरा होत जातो, तेव्हा बेणारेचं खट्याळ हसू कुठे आटतं ते पाहायला मिळणं हेच केवढं भाग्य! पण सुलभाताई म्हटलं की हिंदी सिनेमातली प्रेमळ आजी किंवा सोशिक आई आठवणारेच जास्त.

दूरदर्शनच्या बाबतीत तर आनंदच आहे. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढच्या वीस वर्षांत रंगभूमीवरच्या बायकांनी तिथे जे काम केलं, ते एका प्रक्षेपणात दिसलं आणि संपलं. ‘स्वामी’ मालिका म्हटलं की लोकांना रमा आणि माधवराव आठवतात. त्यातल्या गोपिकाबाई दया डोंगरे यांनी केल्या होत्या. सिनेमाने त्यांना खाष्ट सासूच्या साच्यात घातलं. इथे मात्र सत्ता आणि मुलगा दोन्ही हातातून निसटताना पाहणारी आई त्यांनी उभी केली होती, तीही भुवया न उडवता. विजया मेहता यांनी केलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सुहास जोशींची लक्ष्मीबाई टिळक होती. लक्ष्मीबाईंचं पुस्तक हसता हसता गळा दाटवतं आणि तो तोल पडद्यावर सांभाळणं येरागबाळ्याचं काम नव्हे. यातलं काही आता इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांत सापडतं, पण टाकणाऱ्याने श्रेयनामावली आधीच कापलेली असते. खाली प्रतिक्रियांत लोक विचारतात, ‘ही बाई कोण?’ आणि उत्तर कोणी देत नाही, किंवा चुकीचं देतं.

तेव्हा विनंती अशी. पुरवणीत पंधरवड्यातून एकदा अर्धा स्तंभ या कामासाठी द्या. एका वेळी एक अभिनेत्री, एक फारसा न गाजलेला चित्रपट किंवा मालिका, आणि शक्यतो एकच प्रसंग. तिचं लग्न, आजारपण, पैशांची चणचण यांना तिथे मज्जाव. ज्यांनी तेव्हा कॅमेऱ्यामागे काम केलं असे तंत्रज्ञ अजून आपल्यात आहेत, त्यांना बोलतं करा. त्यांच्याकडची नावं आणि तारखा छापून येऊ द्यात. वाचकांकडेही जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तिका निघते, तिच्यात बहुधा कलाकारांची नावं असतात. मागवलीत तर लोक आनंदाने पाठवतील. मीही पाठवीन.

2027 साली ‘कुंकू’ला 90 वर्षं होतील. तेव्हा आपण विशेष पान काढालच. त्यात शकुंतलाबाईंचा एक तरी फोटो असू द्या आणि त्याखाली नाव बरोबर छापा.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)