नाव न सांगणाऱ्यांचे आभार

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ऑटिझम असलेल्या मुलांशी निगुतीने नातं जोडणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी आज्यांचे. नातू गाडीचं चाकच फिरवत बसला, तर त्या गाडी हिसकावत नाहीत. शेजारी जमिनीवर बसून दुसरं चाक फिरवतात. मग हात थांबवून दहाएक सेकंद गप्प राहतात. त्याने पाहिलं किंवा हात ओढला, की लगेच पुन्हा चाक. असा खेळ वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. वाट पाहवत नाही, "हे काय? रंग कुठला?" असा मारा सुरू होतो आणि मूल पाठ फिरवतं. "माझ्याकडे बघ" म्हणत हनुवटी धरणं तर नकोच.

अंगणवाडीताईंनो, शाळा कन्नड असली तरी घरी मराठीच बोला, हे तुम्ही पालकांना ठणकावून सांगता. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही की वाढत नाही, आणि उसन्या भाषेत आईला लाड करणंही अवघडतं.

गणपतीत डॉल्बी गल्लीत शिरण्याआधी निरोप धाडणाऱ्या मंडळाच्या पोरांनो, तेवढ्या वेळात मुलाला मागच्या खोलीत नेऊन कान झाकता येतात. पुढच्या वर्षी आवाजही जरा कमी करा की!